सूर्यमाला

सूर्यमाला म्हणजे सूर्य आणि त्याच्या गुरुत्वाकर्षणाने बांधल्या गेलेल्या खगोलीय वस्तूंचा समूह होय. या समूहात आठ ग्रह, त्यांचे उपग्रह, बटुग्रह, लघुग्रह, धूमकेतू आणि त्यांच्यामधील पोकळीत विखुरलेली धूळ व विरळ वायू यांचा समावेश होतो. सूर्यापासूनच्या अंतरानुसार ग्रहांचा क्रम बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, गुरू, शनी, युरेनस आणि नेपच्यून असा आहे. सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी वायू व धुळीचा एक प्रचंड मेघ स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने आकुंचन पावला. त्याच्या मध्यभागी सूर्य, तर भोवती फिरणाऱ्या तबकडीत ग्रह तयार झाले. सर्व ग्रह एकाच दिशेने आणि जवळजवळ एकाच प्रतलात सूर्याभोवती फिरतात, याचे कारण या तबकडीत आहे.

नवग्रह आणि ग्रह

भारतीय परंपरेतील नवग्रह आणि खगोलशास्त्रातील ग्रह या दोन वेगळ्या संकल्पना आहेत. नवग्रहांत सूर्य व चंद्र यांची गणना होते, पृथ्वीची होत नाही. राहू आणि केतू या तर वस्तूच नसून, चंद्राची भासमान कक्षा व सूर्याचा भासमान मार्ग जेथे एकमेकांना छेदतात ते दोन बिंदू आहेत. ग्रहणे या बिंदूंच्या आसपासच घडतात, त्यामुळे ग्रहणाच्या गणितात त्यांना स्थान मिळाले. बुध ते शनी हे पाच ग्रह नुसत्या डोळ्यांनी दिसतात आणि प्राचीन काळापासून ज्ञात आहेत. युरेनस व नेपच्यून यांना मराठी ग्रंथांत अनुक्रमे प्रजापती व वरुण अशीही नावे आढळतात, तर पंचांगांत युरेनसचा उल्लेख बहुधा हर्षल असा होतो. हिंदीत मात्र युरेनसला अरुण म्हणतात, त्यामुळे दोन्ही भाषांतील पुस्तके वाचणाऱ्या विद्यार्थ्यांचा गोंधळ उडू शकतो.

सूर्य

सूर्यमालेच्या एकूण वस्तुमानापैकी ९९.८ टक्क्यांहून अधिक वस्तुमान एकट्या सूर्यात आहे. त्याचा व्यास सुमारे १३ लाख ९२ हजार किमी, म्हणजे पृथ्वीच्या व्यासाच्या १०९ पट आहे. पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस, तर गाभ्याचे सुमारे दीड कोटी अंश आहे. सूर्य 'जळतो' असे आपण सहज म्हणतो, परंतु ते ज्वलन नव्हे. गाभ्यात हायड्रोजनच्या अणुकेंद्रांचे मीलन होऊन हेलियम तयार होतो आणि या प्रक्रियेत दर सेकंदाला सुमारे ४० लाख टन वस्तुमानाचे ऊर्जेत रूपांतर होते. पृष्ठभागावरून निघालेला प्रकाश पृथ्वीवर पोहोचण्यास ८ मिनिटे २० सेकंद लागतात.

हेलियमचा शोध पृथ्वीवर लागण्याआधी सूर्यावर लागला. १८ ऑगस्ट १८६८ रोजीचे खग्रास सूर्यग्रहण भारतातून दिसले. फ्रेंच शास्त्रज्ञ ज्यूल जान्सेन यांनी गुंटूर येथून सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट घेतला. या ग्रहणाच्या निरीक्षणांत एक पिवळी रेषा आढळली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, नॉर्मन लॉक्यर यांनी तशाच ज्वाळांचे निरीक्षण केले आणि ही रेषा कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याची नसल्याचे त्यांच्या लक्षात आले. विल्यम रॅम्से यांना १८९५ मध्ये हा वायू पृथ्वीवरील खनिजात सापडला. हेलियमचा शोध सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्ग किल्ल्यावर लागला, असे महाराष्ट्रात अनेक ठिकाणी लिहिले जाते आणि १८ ऑगस्टला तेथे हेलियम दिनही साजरा केला जातो. लॉक्यर विजयदुर्गला आले होते हे खरे, मात्र ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. तोपर्यंत हेलियम सापडून ३० वर्षे होत आली होती. सौर संशोधनाच्या इतिहासात किल्ल्याला स्थान आहेच, पण ते या दुसऱ्या ग्रहणामुळे.

सूर्याच्या अभ्यासासाठी भारताने २ सप्टेंबर २०२३ रोजी आदित्य-एल१ हे यान सोडले. ते पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किमी अंतरावरील बिंदूभोवती फिरते. त्यावरील अतिनील किरणांतील प्रतिमा घेणारी दुर्बीण पुण्याच्या आयुका या संस्थेच्या पुढाकाराने तयार झाली आहे.

आंतरग्रह

बुध, शुक्र, पृथ्वी आणि मंगळ हे खडकाळ पृष्ठभागाचे, तुलनेने लहान ग्रह आहेत. बुध सूर्याच्या सर्वांत जवळ असला तरी सर्वांत उष्ण ग्रह शुक्र आहे. बुधाला वातावरण जवळजवळ नाही, त्यामुळे तेथे दिवसा तापमान सुमारे ४३० अंशांपर्यंत चढते आणि रात्री उणे १८० अंशांपर्यंत उतरते. शुक्रावर कार्बन डायऑक्साइडचे इतके दाट आवरण आहे की तेथील वायुदाब पृथ्वीच्या सुमारे ९० पट असून तापमान रात्रंदिवस ४६० अंशांच्या आसपास राहते. शुक्र स्वतःभोवती उलट दिशेने फिरतो आणि त्याची एक फेरी (२४३ दिवस) त्याच्या वर्षापेक्षा (२२५ दिवस) मोठी आहे.

पृथ्वी सूर्यापासून सरासरी १४ कोटी ९६ लाख किमी अंतरावर आहे. या अंतराला खगोलीय एकक म्हणतात. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याजवळ जाते हा समज चुकीचा आहे. ती सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे आपल्याकडे थंडी असतानाच येते. ऋतू होतात ते पृथ्वीचा आस सुमारे २३.४ अंशांनी कललेला असल्यामुळे. याच कलामुळे महाराष्ट्र व गोव्यात वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि पुन्हा जुलै-ऑगस्टमध्ये, माध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्या दिवसाला शून्य सावली दिवस म्हणतात. उभ्या काठीची सावली काही क्षण नाहीशी होताना पाहणे हा शाळेच्या मैदानावर करता येण्याजोगा सोपा प्रयोग आहे.

मंगळाचा व्यास पृथ्वीच्या साधारण निम्मा असून मातीतील लोहाच्या ऑक्साइडमुळे तो तांबूस दिसतो. त्याच्यावरील ऑलिंपस मॉन्स हा ज्वालामुखी २० किमीहून अधिक उंच आहे. भारताचे मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत पोहोचले.

मंगळ व गुरू यांच्या दरम्यान लघुग्रहांचा पट्टा आहे. असे लहान पिंड कधीकधी ग्रहांवर आदळतात. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे सुमारे १.८ किमी व्यासाचे विवर अशाच आघाताने बेसॉल्ट खडकात निर्माण झाले.

बाह्यग्रह

गुरूचे वस्तुमान पृथ्वीच्या ३१८ पट, म्हणजे उरलेल्या सातही ग्रहांच्या एकत्रित वस्तुमानाच्या दुपटीहून अधिक आहे. असे असूनही तो स्वतःभोवती दहा तासांपेक्षा कमी वेळात फिरतो. जानेवारी १६१० मध्ये गॅलिलिओ यांनी त्याचे चार मोठे उपग्रह पाहिले आणि सर्वच काही पृथ्वीभोवती फिरत नाही याचा प्रत्यक्ष पुरावा मिळाला. शनीची घनता पाण्यापेक्षा कमी आहे. त्याची कडी मुख्यतः बर्फाच्या तुकड्यांची आहेत. त्याचे २७४ उपग्रह २०२५ पर्यंत मान्य झाले होते.

युरेनस विल्यम हर्शेल यांना १३ मार्च १७८१ रोजी दुर्बिणीतून आढळला. त्याचा आस इतका कललेला आहे की तो कुशीवर पडून घरंगळत असल्यासारखा भासतो. पुढे त्याची गती गणिताशी जुळेना, तेव्हा पलीकडे आणखी एक ग्रह असावा असा तर्क पुढे आला. फ्रान्सच्या अर्बेन ल व्हेरिए यांनी त्याचे स्थान गणिताने काढले आणि २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिन वेधशाळेत योहान गाल यांना त्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. सूर्याभोवतीच्या एका फेरीस त्याला सुमारे १६५ वर्षे लागतात, त्यामुळे शोधानंतरची त्याची पहिली प्रदक्षिणा २०११ मध्ये पूर्ण झाली.

प्लुटोचे स्थान

क्लाइड टॉम्बॉ यांनी १९३० मध्ये शोधलेला प्लुटो ७६ वर्षे नववा ग्रह मानला जात होता. २००५ मध्ये जाहीर झालेली एरिस ही वस्तू जवळपास तेवढ्याच आकाराची निघाली. आता एक तर तिलाही ग्रह म्हणायचे, नाहीतर ग्रहाची व्याख्या ठरवायची, असा पेच उभा राहिला. २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग येथे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने मतदानाने व्याख्या स्वीकारली. ग्रहाने सूर्याभोवती फिरावे, स्वतःच्या गुरुत्वाने जवळजवळ गोल आकार घेतलेला असावा आणि आपल्या कक्षेचा परिसर इतर वस्तूंपासून मोकळा केलेला असावा, असे तिचे तीन निकष आहेत. प्लुटो तिसऱ्या निकषात बसत नाही, म्हणून तो बटुग्रह ठरला. हा निकष सर्वांना मान्य झालेला नाही आणि काही ग्रहशास्त्रज्ञ आजही त्यास विरोध करतात. जुन्या पाठ्यपुस्तकांतील 'नऊ ग्रह' हे उत्तर त्या काळी बरोबरच होते, आकाशातील वस्तू तीच राहून तिचे वर्गीकरण तेवढे बदलले.

अंतरांचे प्रमाण

पुस्तकांतील आकृत्यांत ग्रह शेजारीशेजारी काढलेले असतात, कारण खऱ्या प्रमाणात ते कागदावर मावत नाहीत. सूर्य १.४ मीटर व्यासाचा गोळा मानला, तर पृथ्वी १५० मीटरवर ठेवलेली लहान गोटी ठरेल. गुरू पाऊण किलोमीटरवरचा सोललेला नारळ आणि नेपच्यून साडेचार किलोमीटरवरचे लिंबू होईल. याच प्रमाणात सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी, सुमारे ४०,००० किमीवर, म्हणजे पृथ्वीच्या परिघाएवढ्या अंतरावर असेल.

नेपच्यूनपलीकडे बर्फाळ पिंडांचा कायपर पट्टा आहे. १९७७ मध्ये सोडलेले व्हॉयेजर १ हे यान ऑगस्ट २०१२ मध्ये सौरवाऱ्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडले. सूर्याचे गुरुत्वाकर्षण मात्र त्याच्याही फार पुढे पोहोचते. दीर्घ आवर्तनकाळाचे धूमकेतू जेथून येतात असे मानले जाते, त्या ऊर्ट मेघापर्यंत पोहोचण्यास व्हॉयेजरला आणखी सुमारे ३०० वर्षे लागतील.