तीन दिवसांचं राज्य

गावात रास्ता रोकोची बैठक बसली की एखादा पोरगा हमखास म्हणतो, "शांततेनं कोण ऐकतंय? चार एसट्या फुटल्याशिवाय सरकार जागं होत नाही." त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. नुसत्या निवेदनांचं काय होतं, ते तहसील कचेरीचे उंबरे झिजवलेल्या माणसाला विचारा. पण सोलापूर जिल्ह्यातल्या माणसानं यावर बोलायच्या आधी १९३० सालचा मे महिना एकदा नीट आठवावा.

मिठाचा सत्याग्रह चालू होता. सोलापूरला कुठला समुद्र? इथं लोकांनी शिंदीची झाडं तोडायला घेतली. शिंदीवर सरकारला उत्पन्न मिळायचं, म्हणून झाड तोडणं हाच कायदेभंग. ५ मे रोजी गांधीजींना अटक झाली आणि गिरणगाव पेटलं. ८ मे रोजी रूपाभवानी भागात झाडं तोडणाऱ्यांना पोलिसांनी पकडलं. गर्दी जमली, दगड आले, कलेक्टर नाईट बंदोबस्त घेऊन आला. मल्लाप्पा धनशेट्टी गर्दीला आवरत होते. त्यांनी लोकांना थोपवलं म्हणून कलेक्टर वाचला, असं सोलापूरकर सांगत आले आहेत. तरी गोळीबार झाला आणि शंकर शिवदारे हा तरुण त्यात गेला.

मग लोकांचं भान सुटलं. मंगळवार पेठेची पोलीस चौकी जाळली, दोन पोलीस मारले गेले, कोर्टाला आग लावली. पोलीस शहरातून निघून गेले. त्यानंतर ९, १० आणि ११ मे हे तीन दिवस सोलापुरात इंग्रजांचं राज्य नव्हतं. आणि या तीन दिवसांत लुटालूट माजली नाही. काँग्रेसचे स्वयंसेवक चौकात उभं राहून रहदारी बघत होते, पेठांतून गस्त घालत होते. मला वाटतं, इंग्रजाला खरी धडकी या तीन दिवसांची भरली असणार. चौकी पुन्हा बांधता येते. पण आपल्यावाचून शहर नीट चालतं, हे लोकांना एकदा कळलं की राज्य करायचं कारणच उरत नाही.

पण ही गोष्ट जगाला सांगायची सोय उरली नाही. जळालेलं कोर्ट आणि दोन मेलेले पोलीस एवढंच सरकारनं पुढं केलं. १२ मेपासून मार्शल लॉ लागला, लष्कर आलं. गांधी टोपी घालणं, झेंडा घेऊन फिरणं गुन्हा ठरला. माणसं टोपी खिशात लपवून हिंडू लागली.

आणि फाशी कुणाला? मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा, एक मुसलमान. पोलिसांच्या खुनाचा आरोप या चौघांवर ठेवला. त्यांचा त्यात हात नव्हता, असं सोलापूर आजही मानतं. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला त्यांना फासावर दिलं. पुढं दोन महिनेही झाले नाहीत तोवर, ५ मार्चला गांधी–आयर्विन करार झाला. हिंसेचा आरोप नसलेले सत्याग्रही सुटले. हे चौघं त्याआधीच गेले होते, आणि असते तरी त्यांच्या कागदावर खून लिहिलेला होता.

यातून मला एकच समजलं. दगड मारणारा गर्दीत नाहीसा होतो. ज्याचं नाव सरकारला ठाऊक आहे, जो पुढं उभा असतो, तो सापडतो. आजही तेच आहे. एसटी कुणी फोडली ते कुणालाच ठाऊक नसतं, पण गुन्हा दाखल होतो तो बैठक बोलावणाऱ्यावर आणि फोटोत दिसणाऱ्या पोरांवर. त्यातला एखादा पोलीस भरतीची तयारी करत असतो. त्याची भरती तिथंच संपते.

याच्या उलट २०१८ चा मार्च बघा. नाशिकहून हजारो शेतकरी, त्यात आदिवासी बायाबापड्या, पायी मुंबईला निघाल्या. पायाची सालं निघाली. दहावीच्या पोरांच्या परीक्षेत अडथळा नको म्हणून शेवटचा टप्पा रात्रीतच चालून आझाद मैदान गाठलं. मुंबईकर पाणी आणि चपला घेऊन रस्त्यावर आले. सरकारला मागण्या लेखी मान्य कराव्या लागल्या. सगळ्या पुऱ्या झाल्या असं नाही. २०१९ ला आणि २०२३ ला पुन्हा चालावं लागलं. पण पुन्हा चालता आलं, हेच महत्त्वाचं. माणसं तुरुंगात नव्हती, लोक पाठीशी होते, आणि सरकारच्या हातात दाखवायला जळालेली चौकी नव्हती.

शांततेनं लवकर मिळतं असं मी म्हणत नाही. उशीर लागतो, जीव मेटाकुटीला येतो. पण जाळपोळीनं सरकारला हवं असलेलं कारण मिळतं, आणि त्याची किंमत भलताच मोजतो. सोलापूरच्या चार पुतळा चौकातून जाताना वर बघा. धनशेट्टींचा पुतळा तिथं आहे. ते त्या दिवशी लोकांना आवरत होते.