प्रतिबिंब आधी, बिंब नंतर

प्रतिकृती म्हणजे बिंबाचे प्रतिबिंब. आणि प्रतिबिंबाने बिंबाच्या मागून यावे, हा साधा नियम. लढाऊ जेट विमानांच्या प्रतिकृती जुळवून रंगवणाऱ्यांचा छंद याच नियमावर उभा आहे. पंखाचा कोन, पत्र्यांच्या सांध्यांच्या रेषा, शेपटीवरील क्रमांक, रंगाची छटा, सारे काही मूळ विमानाशी ताडून पाहिले जाते आणि त्या इमानावरून कामाची प्रत ठरते. परंतु मूळ विमान पाहण्याचीच मनाई असेल, तर हे इमान कोणाशी राखायचे? १९८६ साली अमेरिकेत विकल्या गेलेल्या एका प्लास्टिकच्या विमानाच्या कथेत या प्रश्नाचे उत्तर दडले आहे, असे आम्हांस वाटते.

इलिनॉय राज्यातील रॉकफर्ड येथील टेस्टर्स ही कंपनी छांदिष्टांना मुख्यतः रंगांच्या चिमुकल्या बाटल्यांमुळे आणि गोंदामुळे ठाऊक. तिने त्या वर्षी १/४८ प्रमाणातील ‘एफ-१९ स्टेल्थ फायटर’ बाजारात आणले. रडारला सहजी न दिसणारे विमान घडवण्याचे तंत्र आपल्यापाशी आहे, एवढे अमेरिकी संरक्षणमंत्री हॅरॉल्ड ब्राउन यांनी १९८० मध्ये जाहीर केले होते. त्यापुढे सारी चिडीचूप. लढाऊ विमानांच्या क्रमवारीत एफ-१८ नंतर थेट एफ-२० आले, तेव्हा गाळलेला एकोणिसावा क्रमांक त्या गुप्त विमानाचाच असणार, असा तर्क सर्वतोमुखी झाला. टेस्टर्सचे रचनाकार जॉन अँड्र्यूज यांनी या तर्काला आकार दिला. काटकोन रडारचे किरण जोराने परत पाठवतात, हे भौतिकीचे उघड ज्ञान. तेव्हा त्यांच्या विमानाला कोठे काटकोन नव्हता. अंग गुळगुळीत, गोलाईदार आणि शेपटीचे दोन पडदे एकमेकांकडे आत झुकलेले.

त्याच वर्षी, ११ जुलै रोजी, कॅलिफोर्नियातील बेकर्सफील्डजवळच्या डोंगराळ वनप्रदेशात रात्री एक विमान कोसळले. वैमानिक जागीच ठार झाला. हवाई दलाने तो परिसर बंद केला आणि विमान कोणत्या जातीचे होते हे सांगण्यास नकार दिला. एक माणूस अशा यंत्रात मेला होता की ज्याचे अस्तित्वच सरकारला मान्य नव्हते. त्याच उन्हाळ्यात वॉशिंग्टनमध्ये हे प्लास्टिकचे खेळणे लोकप्रतिनिधींच्या चर्चेचा विषय झाले. जे पाहण्याची मुभा काँग्रेसच्या सदस्याला नाही ते खोक्यात घालून दुकानांत विकले जात आहे, असा रॉन वायडन या प्रतिनिधीच्या तक्रारीचा आशय होता. अशा गहजबाने खप वाढणार, हे सांगावयास नको.

१० नोव्हेंबर १९८८ रोजी पेंटॅगॉनने एक धूसर छायाचित्र प्रसिद्ध केले आणि प्रतिबिंबाला अखेर बिंब भेटले. दोघांचे काहीच जुळत नव्हते. नाव एफ-१९ नव्हे, एफ-११७. अंगाला गोलाई नव्हे, पैलू पाडल्यासारखी सपाट प्रतले. शेपटीचे पडदे आत नव्हे, बाहेर झुकलेले. या पैलूंमागील कारण सौंदर्यदृष्टीचे नव्हते. प्योत्र उफिम्त्सेव या सोव्हिएत शास्त्रज्ञाने कडांवरून होणाऱ्या तरंगांच्या विवर्तनावर १९६२ मध्ये मॉस्कोत एक ग्रंथ उघडपणे प्रसिद्ध केला होता. अमेरिकी हवाई दलाने केलेला त्याचा अनुवाद लॉकहीडच्या डेनिस ओव्हरहोल्सर यांच्या हाती पडला. त्यावरून त्यांनी बेतलेली संगणकीय आज्ञावली रडारचे परावर्तन मोजू शके, पण सपाट पृष्ठांपुरतेच. वक्र पृष्ठांचे गणित त्या काळच्या संगणकांना झेपणारे नव्हते. म्हणून विमान सपाट तुकड्यांचे झाले. त्याची पहिली परीक्षाही प्रतिकृतीनेच दिली. १९७०च्या दशकाच्या मध्यास एक लाकडी नमुना खांबावर चढवून त्यावर रडार रोखण्यात आले. म्हणजे ज्याला आपण बिंब म्हणतो तेही एका प्रतिकृतीतूनच जन्मले, आणि अमेरिकेच्या त्या थोर गुपिताचे बीज शत्रूच्या छापील पुस्तकात होते!

ही कथा सहसा दोन प्रकारे सांगितली जाते. एक, खेळणेवाल्याने पेंटॅगॉनचे गुपित फोडले. दुसरा, खेळणेवाला साफ चुकला. आमच्या मते दोन्ही अपुरे आहेत. अँड्र्यूज यांचा तर्क निराधार नव्हता. पुढे अधिक सामर्थ्यवान संगणक हाताशी आल्यावर घडवलेले बी-२ हे बॉम्बफेकी विमान गोलाईदारच निघाले. खरा मुद्दा वेगळा आहे. सत्ता जेव्हा एखादी वस्तू झाकते तेव्हा तेथे पोकळी राहत नाही. लोकांची कल्पना ती भरून काढते. प्रतिकृतीपाशी तर विश्वास बसवण्याची विलक्षण शक्ती असते. पत्र्यांच्या रेषा कोरलेल्या, सूचनांच्या बारीक चिकटचित्रांसह, चाकांच्या कप्प्यांसह ती हातात आली की अंदाजाला वस्तूचे वजन येते. शब्दांतील अफवेवर माणूस शंका घेतो, सांधे घासून रंगवलेल्या विमानावर घेत नाही. लोकप्रतिनिधी संतापले ते याच विश्वासापोटी. आणि ते संतापल्यामुळे तो विश्वास दुणावला. फुटलेले भासलेले गुपित त्या गोल आकाराआड खऱ्या आकाराला अधिकच झाकून बसले.

विनोद असा की १९८७ मध्ये याच कंपनीने ‘मिग-३७’ नावाचे एक काल्पनिक सोव्हिएत विमान काढले आणि त्याला सपाट प्रतले दिली. स्वतःच्या देशाच्या विमानाचा आकार त्यांनी नकळत शत्रूच्या अंगावर चढवला होता.

रंगाचीही तीच गत. एफ-११७चे पहिले नमुना-विमान १९८१ मध्ये उडाले तेव्हा त्यावर छद्मरंगांचे पट्टे होते, मग करडा रंग आला, आणि काळा त्यानंतरचा. आज एफ-११७ रंगवणारा छांदिष्ट या साऱ्या अवस्था छायाचित्रांवरून पडताळतो, आणि लहान आकारावर निव्वळ काळा रंग खोटा दिसतो म्हणून त्यात किंचित करडा मिसळतो. एफ-१९ रंगवणाऱ्यापाशी असा पडताळा नाही. कोणताही रंग बरोबर आणि कोणताही चूक.

तरीही ते खोटे विमान फेकून देऊ नये, असे आम्ही म्हणू. एफ-११७ची प्रतिकृती एका यंत्राशी इमान राखते. एफ-१९ची प्रतिकृती एका काळाशी राखते. नागरिकांना, त्यांच्या प्रतिनिधींनाही, जे पाहू दिले गेले नाही त्याचा तो नेमका, प्रमाणबद्ध ठसा आहे. त्या जुलैच्या रात्री डोंगरात काय कोसळले, हे विचारणाऱ्या सामान्य माणसापाशी त्या वेळी उत्तरादाखल एवढेच होते.