राजवाड्याचा तुरुंग

पॅरिसमध्यें सेन नदीच्या पात्रांत एक लहानसें बेट आहे. फ्रान्सच्या राजांचा जुना वाडा तेथेंच होता. १३५८ सालीं एत्येन मार्सेलच्या अनुयायांनीं वाड्यांत शिरून युवराज चार्ल्सच्या डोळ्यांदेखत त्याचे दोन सेनानी ठार केले. पुढें चार्ल्सनें आपलें बिऱ्हाड सँ-पोल प्रासादांत हलविलें. राजा गेला, पण न्यायालय राहिलें; आणि न्यायालय राहिलें म्हणून तुरुंगहि राहिला. वाड्याची व्यवस्था पाहणाऱ्या 'काँसिएर्ज' या अधिकाऱ्यावरून त्यास काँसिएर्जरी हें नांव पडलें. तेथील दैन्यांतहि पायऱ्या होत्या. धनवान कैद्यास भाड्यानें खाट मिळे. निर्धनाच्या वांट्यास गवताचें अंथरूण येई.

मार्च १७९३ मध्यें क्रांतिकारकांचें न्यायमंडळ स्थापन झालें व याच वाड्याच्या दालनांत बसूं लागलें. वर न्यायासन, खालीं कोठड्या, अंगणांत गिलोटिनकडे जाणारी गाडी! राणी मेरी आंत्वानेत २ ऑगस्टला येथें आली व १६ ऑक्टोबरला वधस्थानीं गेली. या न्यायमंडळाच्या स्थापनेचा आग्रह धरणारा डँटन १७९४ च्या एप्रिलांत याच वाटेनें गेला.

राष्ट्र संकटांत होतें, म्हणून कठोर व्हावें लागलें, असें समर्थन नेहमीं केलें जातें. परंतु घटनाक्रम पाहावा. १० जून १७९४ च्या कायद्यानें आरोपीचा वकील काढून घेतला. शिक्षा एकच ठेवली, मृत्यु. २६ जूनला फ्ल्यूरसच्या रणांगणावर फ्रेंच सैन्य विजयी झालें. संकट ओसरलें, तरी गाड्या थांबल्या नाहींत. त्या कायद्यानंतरच्या सुमारें सात आठवड्यांत पॅरिसमध्यें तेराशेंहून अधिक माणसें मारलीं गेलीं. भीतीनें उभें केलेलें यंत्र भीति सरल्यावरहि चालतच राहिलें.

२८ जुलैला रोबेस्पियरहि गेला, तोहि चौकशीवांचून. मग सरकारी अभियोक्ता फूकिए-तँव्हिल त्याच न्यायमंडळापुढें आरोपी म्हणून उभा राहिला. आपण केवळ वरिष्ठांच्या आज्ञा पाळल्या, असा त्याचा बचाव होता. त्याची चौकशी महिन्याहून अधिक चालली. शेंकडों साक्षी झाल्या. इतरांना जें त्यानें नाकारलें, तें त्यास मिळालें. ७ मे १७९५ रोजीं त्याचा शिरच्छेद झाला.

१९३४ सालीं तुरुंग बंद झाला. आतां तेथें प्रवासी जातात. राणीची कोठडी पाहून त्यांचे डोळे पाणावतात, तें स्वाभाविकच आहे. परंतु ज्या दालनांत आरोपीस बोलूं दिलें गेलें नाहीं, त्या दालनाचा विचार अधिक व्हावयास हवा. वकिलास बाहेर काढणारा न्यायाधीश स्वतःसाठींहि दार बंद करीत असतो.