गड, गनीम आणि पडदा

महाळुंगे पडवळ हे आंबेगाव तालुक्यातले गाव हुतात्मा बाबू गेनू सैद यांचे. गिरणीत काम करणारा हा बावीस वर्षांचा तरुण १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवी भागात परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला आणि ट्रक त्याच्या अंगावरून गेला. पुढे डिंभे धरणाच्या जलाशयाला त्याचे नाव मिळाले. ह्याच १९३० साली कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने शिवाजी महाराजांवर एक मूकपट काढला. दिग्दर्शक व्ही. शांताराम आणि पडद्यावरचे महाराजही तेच. चित्रपटाचे मूळ नाव 'स्वराज्याचे तोरण'. इंग्रजी अमदानीतल्या सेन्सॉरला त्यातला 'स्वराज्य' हा शब्द सोसला नाही. नाव बदलून 'उदयकाल' केले, तेव्हा कुठे तो लोकांपुढे आला.

बाबू गेनू हा भव्यपटाला मानवणारा नायक नव्हे. ना घोडा, ना तलवार, ना गड. पण ह्या दोन हकिकती शेजारी ठेवल्या की मराठी ऐतिहासिक चित्रपटाचा पहिला संकेत ध्यानात येतो. पडद्यावर मोगल आणि आदिलशाही सरदार दिसत, टाळ्या मात्र साहेबाच्या विरोधात पडत. सेन्सॉरने कात्री उचलली ती काही मोगलांच्या अब्रूसाठी नव्हे. कोणाच्या आडून आपले नाव घेतले जात आहे, हे त्याला पक्के ठाऊक होते.

ह्या संकेताचे कर्ज मात्र मागे राहिले. १९४७ साली साहेब गेला आणि त्याच्या जागी उभा केलेला सोंगातला गनीम पडद्यावर तसाच राहिला. आता त्याच्या आडून कोणाचे नाव घ्यायचे? पुढच्या पाऊणशे वर्षांतला ह्या चित्रपटांचा इतिहास बराचसा ह्या प्रश्नाभोवती फिरतो, आणि म्हणून तो आपल्या जिव्हाळ्याचा आहे.

मराठी भव्यपटाचा आजा म्हणजे पोवाडा. शत्रू तगडा असल्याखेरीज पोवाडा उभा राहत नाही, म्हणून शाहीर शत्रूच्या ताकदीची तारीफ हात राखून करीत नसे. ह्या घराण्यात आपली माणसे पाहुणी नव्हती. पेशवाईतले सगनभाऊ जातीचे शिकलगार, मुसलमान. लावण्या आणि पोवाडे दोन्ही रचणारे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अमर शेखांच्या डफाशिवाय सभा भरत नसे. तमाशाची पंढरी म्हणवणाऱ्या नारायणगावच्या पट्ट्यात राजा-वजिराचे वग पाहत ज्या पिढ्या वाढल्या, त्यांना सिनेमातला दरबार नवा वाटण्याचे कारण नव्हते.

काळ कसा बदलला हे मोजायला सिंहगडाची कथा बरी, कारण ती पुनःपुन्हा चित्रपटात आली आहे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला आणि तिथेच ते पडले. सभासदाची बखर त्यांच्याबरोबर पाचशे मावळे देते. गडावरचा किल्लेदार उदयभान राठोड. तो नोकर मोगलांचा, पण राजपूत. चढाई करणारा आणि गड राखणारा असे दोघेही सेनानी हिंदू होते, ही गोष्ट पुढच्या विवेचनासाठी लक्षात ठेवावी.

हरि नारायण आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला' ह्या कादंबरीवरून बाबूराव पेंटरांनी १९२३ साली 'सिंहगड' काढला. पेंटर स्वतः शिवाजी झाले आणि तरुण शांताराम शेलारमामा. तोवर आपल्याकडचे चित्रण सूर्याच्या भरवशावर चाले. रात्रीच्या लढाईसाठी पेंटरांनी कृत्रिम प्रकाश वापरला. मुंबईत ह्या चित्रपटाला लोटलेली गर्दी पाहूनच सरकारला करमणूक कर सुचला असे सांगतात. पेंटर मुळात चित्रकार. पगडीची ठेवण, अंगरखा, हत्यार ह्यांत चूक राहू नये ह्याकडे त्यांचा कटाक्ष. खरा डोंगर, खरी माणसे आणि नजरेला पटणारा काळ, एवढ्याला त्या वेळी भव्यता म्हणत.

दहा वर्षांनी, १९३३ साली, प्रभातने हीच कथा बोलपटात आणली. आता मावळ्याला आवाज आला, गाणे आले. उदयभानू झाले बाबूराव पेंढारकर. दरडावण्यापेक्षा बोलण्यातून जरब बसवणारा हा नट. मुख्य नटांच्या तोडीचा माणूस खलनायकाला द्यायचा, हा पोवाड्याचा संकेत इथवर शाबूत होता.

तो भालजी पेंढारकरांनीही पाळला. भालजी हिंदुत्वनिष्ठ होते आणि त्यांनी ते लपवले नाही. त्यांच्याकडे आपण उदारमतवादाचा दाखला मागायला जाऊ नये. १९४८ साली गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत त्यांचा कोल्हापूरचा जयप्रभा स्टुडिओ जळाला आणि त्यांनी तो पुन्हा उभा केला. त्यांच्या 'छत्रपती शिवाजी'त (१९५२) चंद्रकांत मांढरे महाराज होते, आणि त्यांच्यासमोर औरंगजेबाचे सेनापती मिर्झाराजे जयसिंग म्हणून पृथ्वीराज कपूर. शत्रूची फौज, पण तिचा सेनापती पडद्यावर आला की प्रेक्षक सावरून बसे. भालजींच्या भव्यपटाचा खरा भार संवादांवर. पैसा बेताचा असल्याने लढाई थोडक्यात उरकत आणि मर्दानी मराठी बोलण्यात रण उभे करीत. त्यात प्रचार होता, पण शत्रूही बोलत असे. बोलणाऱ्या माणसाचे जनावर करता येत नाही.

ह्याच काळात मुंबईत दुसऱ्या जातीचा भव्यपट वाढत होता. सोहराब मोदींचा 'पुकार' (१९३९), मेहबूब खान यांचा 'हुमायूं' (१९४५) आणि कळस म्हणजे के. आसिफ यांचा 'मुघल-ए-आझम'. ५ ऑगस्ट १९६० रोजी हा मोगलांचा चित्रपट लागला तो मुंबईच्या मराठा मंदिरात, ही गंमत मराठी माणसाने विसरू नये. बहुतेक चित्रपट कृष्णधवल, आणि शीशमहलातले गाणे रंगीत. पुढे २००४ साली अख्खा चित्रपट रंगवून पुन्हा दाखवला गेला. ह्या घराण्याचा संकेत निराळा. इथे बाहेरचा गनीम नाही. भांडण बापलेकांचे, तख्ताचे आणि दिलाचे. दरबार, अदब आणि उर्दू संवाद हीच त्याची शान.

आता आपल्या खेड्यातल्या मराठी मुसलमानाची गोची पाहा. जत्रेच्या तंबूत एक दिवस 'मुघल-ए-आझम' आणि दुसऱ्या दिवशी भालजींचा चित्रपट. पहिल्यात नावे त्याच्या घरातली: सलीम, अकबर. पण ती भारदस्त उर्दू त्यालाही अर्धीच कळे, कारण घरात तो मराठी किंवा दखनी बोलणार. दुसऱ्यातला शब्द न् शब्द त्याचा, शिव्यासुद्धा. पण नावे गनिमाच्या बाजूला. एकात भाषा परकी, दुसऱ्यात नाव परके. तरी तो दोन्ही पाहून घरी येई आणि दोन्हीतले संवाद पाठ म्हणे. माझ्या मते हे भाबडेपण नव्हते. शत्रूला आब राखून रंगवल्यामुळे त्याला तिथे बसता येत होते.

हा आब कधी सुटला? एक वर्ष दाखवता येणार नाही, पण २५ जानेवारी २०१८ ला आलेल्या 'पद्मावत'मधला खिलजी ही ठळक खूण आहे. काळोखात बुडालेला महाल, डोळ्यांत सुरमा, मांसावर तुटून पडणे. दरबारी अदबीची जागा जेवणाच्या किळसेने घेतली. मग १० जानेवारी २०२० रोजी ओम राऊत यांचा 'तान्हाजी' आला आणि सिंहगडाची कथा पुन्हा पडद्यावर चढली. डोंगर आता संगणकात तयार होत होते. उदयभान झाला सैफ अली खान: काळे कपडे, सुरमा, मगर भाजून खाणारा. चित्रपट त्याला राजपूतच म्हणतो, इतिहास बदलत नाही. पण प्रेक्षकाच्या डोळ्यांना जो पोशाख आणि जी चाल दाखवली ती दोन वर्षांपूर्वीच्या खिलजीची. शब्दात राजपूत, चित्रात खिलजी. इतिहासाच्या पुस्तकाने हरकत घ्यावी अशी ही खोटी ओळ नसल्यामुळे तिच्यावर बोटही ठेवता येत नाही.

नायकाच्या बाजूचेही संकेत आवळले गेले. 'बाजीराव मस्तानी'तल्या (२०१५) पिंग्यावरून वाद झाला. 'छावा'मध्ये संभाजी महाराज लेझीम खेळताना दाखवले होते. हरकती आल्यावर तो प्रसंग काढून टाकला आणि १४ फेब्रुवारी २०२५ ला चित्रपट लागला. लेझीम हा ह्या मातीतला खेळ, पण आता राजाने तो खेळायचा नाही. नायक पुतळा झाला की शत्रूला राक्षस होण्यावाचून गत्यंतर नसते. त्या चित्रपटाला संगीत ए. आर. रहमान यांचे, हेही नोंदवून ठेवू. पुढच्याच महिन्यात औरंगजेबाची खुलताबादची कबर हटवण्याची मागणी पेटली, १७ मार्चला नागपुरात दंगल झाली आणि एकाचा जीव गेला. मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितले की 'छावा'मुळे औरंगजेबाविषयीचा लोकांचा राग उफाळून आला. दंगलीची कारणे एका चित्रपटावर ढकलणे मला पटत नाही. पण १९३० चा सेन्सॉर ज्या गोष्टीला भीत होता, ती घडू शकते हे सरकारनेच मान्य केले, एवढे खरे. फरक इतकाच की तेव्हा गनिमाच्या आडून ज्याचे नाव घेतले जाई तो गव्हर्नरच्या बंगल्यात होता. आता तो शेजारच्या गल्लीत राहतो.

सगळे एकाच मापाने मोजू नये. आशुतोष गोवारीकरांच्या 'पानिपत'ने (२०१९) मराठ्यांचा तोफखाना सांभाळणारा इब्राहिमखान गारदी पडद्यावर आणला. दिग्पाल लांजेकरांच्या 'फर्जंद'ने (२०१८) राजाला थोडे मागे ठेवून कोंडाजी फर्जंद ह्या शिपाईगड्याला पुढे केले. हा बदल मला मोलाचा वाटतो. शिपाई नायक झाला की त्याच्या शेजारचा शिपाईही कधीतरी दिसेल. महाराजांबरोबर प्रतापगडाखाली गेलेल्या दहा अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता, पायदळाचा सरनोबत नूरबेग, आरमारात दौलतखान, आणि पन्हाळ्याला सिद्दी जौहरवर चालून गेलेल्यांत सिद्दी हिलाल.

विषयांची टंचाई नाहीच. महाळुंगे पडवळहून जुन्नर काही लांब नाही. शिवनेरीवर शिवजन्माच्या वास्तूपासून थोड्या अंतरावर कमानी मशीद आहे, दोन मिनारांना जोडणारी ती कमान दुरूनही दिसते. ह्याच जुन्नरात मलिक अंबरने काही वर्षे निजामशाहीची राजधानी ठेवली होती. गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी वजीर झाला आणि गनिमी काव्याने त्याने मोगलांना दमवले. १६२४ साली अहमदनगरजवळ भातवडीला मोगल आणि आदिलशाही फौजा एकत्र चालून आल्या, तेव्हा त्याने तलावाचा बांध फोडून त्यांच्या छावणीत पाणी सोडले. संगणकाने उभे करावे असे हे दृश्य, आणि गनीम मोगलच. त्या लढाईत अंबरच्या बाजूने शहाजीराजे लढले. त्यांचे धाकटे भाऊ तिथे कामी आले. त्यांचे नाव शरीफजी. मालोजीराजांनी दोन्ही मुलांची नावे नगरच्या शाह शरीफ पीराच्या नावावरून ठेवली होती.