क्रॉसहेअर्स: कोळ्याच्या धाग्यापासून बंदुकीपर्यंत

'इन द क्रॉसहेअर्स' हा इंग्रजी वाक्प्रचार बातम्यांत सारखा दिसतो. अमुक कंपनी सरकारच्या क्रॉसहेअर्समध्ये, तमुक खेळाडू टीकाकारांच्या. मराठी बातम्या अशा वेळी 'रडारवर' म्हणतात. मला ते फार सौम्य वाटतं. रडारवर आलेला माणूस नुसता दिसलेला असतो. क्रॉसहेअर्स म्हणजे दुर्बिणीत एकमेकींना छेदणाऱ्या दोन बारीक रेषा. त्यात सापडलेल्यावर नेम धरून झालेला असतो, चाप ओढायचा तेवढा बाकी.

गंमत म्हणजे या रेषा बंदुकीसाठी जन्मल्याच नाहीत. 1640 च्या सुमारास विल्यम गॅस्कॉइन या तरुण इंग्रज आकाशनिरीक्षकाच्या दुर्बिणीत एका कोळ्याने धागा ताणला. तोही नेमका अशा जागी, की डोळा लावल्यावर दूरची वस्तू आणि धागा दोन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसावेत. दुसऱ्या कुणी जाळं पुसून टाकलं असतं. गॅस्कॉइनला वाटलं, इथे आपणच धागे बसवले तर दुर्बीण नेमकी कशावर रोखली आहे ते कळेल. 2 जुलै 1644 ला मार्स्टन मूरच्या लढाईत तो राजाच्या बाजूने लढताना मारला गेला. युक्ती टिकली. पुढे जमीन मोजणाऱ्यांच्या थिओडोलाइटमध्येही अशाच रेषा आल्या. भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारा विल्यम लॅम्ब्टन असंच यंत्र घेऊन फिरत होता. तो 1823 मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला. रायफलवर दुर्बीण चढली ती नंतर. अमेरिकन यादवी युद्धात नेमबाज ती वापरत होते.

मार्च 2010 मध्ये सारा पेलिन यांच्या राजकीय समितीने अमेरिकेचा एक नकाशा प्रसिद्ध केला. ओबामांच्या आरोग्य कायद्यावरून ज्यांना पाडायचं होतं, अशा 20 डेमोक्रॅट मतदारसंघांवर क्रॉसहेअर्सच्या खुणा होत्या. एक मतदारसंघ ॲरिझोनाच्या गॅब्रिएल गिफर्ड्स यांचा. अशा चित्रांचे परिणाम होतात, असं त्यांनी तेव्हाच टीव्हीवर बोलून दाखवलं. 8 जानेवारी 2011 ला टूसॉनमध्ये एका सुपरमार्केटबाहेर मतदारांना भेटताना त्यांच्या डोक्यात गोळी लागली. त्या वाचल्या, सहा जण गेले.

हल्लेखोराने तो नकाशा पाहिल्याचा पुरावा मिळालेला नाही. त्यामुळे नकाशावर खुनाचा ठपका ठेवणं मला अन्यायाचं वाटतं. पण नंतरचा खुलासा ऐकण्यासारखा आहे. पेलिन यांच्या एका सहकारी म्हणाल्या, या बंदुकीच्या नव्हे, जमीन मोजणाऱ्यांच्या खुणा! गॅस्कॉइन आणि लॅम्ब्टन यांच्याकडे पाहिलं तर हे अगदीच अशक्य नव्हतं. फक्त, काही महिन्यांपूर्वी पेलिन यांनी स्वतःच ट्विटरवर त्याच खुणांना 'बुल्सआय' म्हटलं होतं.