शालेय विज्ञानातील प्रारूपे व शोधपद्धती

वैज्ञानिक प्रारूप म्हणजे एखादी वस्तू, रचना किंवा घटना समजून घेण्यासाठी आणि तिच्याविषयी भाकीत करता यावे यासाठी केलेली तिची सुटसुटीत मांडणी होय. बोलण्यात व वर्गात यासाठी ‘मॉडेल’ हा शब्दही सर्रास वापरला जातो. प्रारूप बनवणे, ते निरीक्षणांशी ताडून पाहणे आणि न जुळल्यास बदलणे हा विज्ञानाच्या कार्यपद्धतीचा गाभा आहे. भारतातील शाळांत इयत्ता सहावी ते आठवी या उच्च प्राथमिक टप्प्यावर विद्यार्थ्यांची प्रारूपे व शोधपद्धती या दोन्हींशी रीतसर ओळख होते. या टप्प्यावरील उजळणीत प्रारूपांची नावे पाठ असण्यापेक्षा प्रत्येक प्रारूप कोणत्या पुराव्यावर उभे आहे आणि कोठे अपुरे पडते, हे सांगता येणे अधिक महत्त्वाचे मानले जाते.

== प्रारूपांचे प्रकार ==

शालेय पाठ्यपुस्तकांत प्रारूपे अनेक रूपांत आढळतात.

* भौतिक प्रारूप: पृथ्वीगोल, मानवी हृदयाची प्रतिकृती, काड्या व मण्यांची रेणूची रचना.
* चित्ररूप प्रारूप: नकाशा, जलचक्राची आकृती, अन्नसाखळी, विद्युत परिपथाची आकृती.
* गणिती प्रारूप: अंतर, काळ व वेग यांचा संबंध सांगणारे सूत्र किंवा आलेख.
* संकल्पनात्मक प्रारूप: पदार्थ सूक्ष्म कणांचा बनलेला असून ते कण सतत हालचाल करतात, ही कल्पना.
* संगणकीय प्रारूप: हवामानाचा अंदाज वर्तवण्यासाठी वापरली जाणारी आकडेमोड.

प्रदर्शनात मांडलेली प्रत्येक प्रतिकृती या अर्थाने वैज्ञानिक प्रारूप असतेच असे नाही. थर्माकोलचा ज्वालामुखी केवळ बाह्य रूप दाखवत असेल, तर ती शोभेची प्रतिकृती ठरते. तिच्यावरून ‘असे केले तर काय होईल’ या प्रश्नाचे उत्तर काढता येत असेल आणि ते पडताळता येत असेल, तर ती प्रारूपाचे काम करते.

== प्रारूप व पुरावा: अणूचे उदाहरण ==

महाराष्ट्रात इयत्ता आठवीच्या विज्ञानात अणूची प्रारूपे क्रमाने शिकवली जातात. जॉन डाल्टन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मांडलेल्या सिद्धान्तात अणू अविभाज्य होता. १८९७ मध्ये जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन हा अणूहून कितीतरी हलका, ऋणप्रभारित कण असल्याचे दाखवले. त्यामुळे अणूला अंतर्गत रचना असली पाहिजे, हे मान्य करावे लागले. १९०४ मध्ये थॉमसन यांनी धनप्रभाराच्या गोळ्यात इलेक्ट्रॉन विखुरलेले असल्याचे प्रारूप मांडले. बेदाणे घातलेल्या लाडवाची उपमा त्याला लागू पडते.

१९०९ मध्ये अर्नेस्ट रुदरफोर्ड यांच्या प्रयोगशाळेत गायगर व मार्सडेन यांनी धातूच्या अतिशय पातळ पत्र्यावर अल्फा कणांचा मारा केला. बहुतेक कण पत्र्यातून जवळजवळ सरळ पार गेले, पण अगदी थोडे कण उलट दिशेने परतले. धनप्रभार सर्वत्र पसरलेला असता, तर एवढ्या वेगवान कणांना मागे लोटण्याइतके बळ कोठेही मिळाले नसते. म्हणून १९११ मध्ये रुदरफोर्ड यांनी अणूच्या मध्यभागी अतिशय लहान, पण जवळजवळ सर्व वस्तुमान सामावणारे धनप्रभारित केंद्रक असल्याचे प्रतिपादन केले. या प्रारूपातही एक अडचण होती. केंद्रकाभोवती फिरणारा इलेक्ट्रॉन सतत ऊर्जा गमावून केंद्रकात कोसळायला हवा होता, परंतु प्रत्यक्षात अणू स्थिर असतात. १९१३ मध्ये नील्स बोर यांनी इलेक्ट्रॉन ठरावीक कक्षांतच ऊर्जा न गमावता फिरतात, असे गृहीत धरून या अडचणीतून वाट काढली. पुढे पुंज यांत्रिकीने कक्षांची ही कल्पनाही मागे टाकली.

हा क्रम ‘चुकीची प्रारूपे आणि शेवटी सापडलेले बरोबर प्रारूप’ अशा रीतीने शिकवला, तर त्यातील मुख्य धागा निसटतो. थॉमसन यांच्या प्रारूपाने त्या काळी ज्ञात असलेल्या अनेक गोष्टींचा मेळ घातला होता. नव्या प्रयोगाने जे निरीक्षण समोर आले, त्याला ते पुरे पडले नाही. त्यामुळे उजळणी करताना प्रत्येक प्रारूपाबाबत दोन प्रश्न उपयोगी पडतात: ‘या प्रारूपाने कशाचा उलगडा झाला?’ आणि ‘कोणत्या निरीक्षणापुढे ते अडले?’

== प्रारूपाच्या मर्यादा: सूर्य, पृथ्वी व चंद्र ==

प्रत्येक प्रारूप काही गोष्टी ठळक करते, तर काही गाळते. पाठ्यपुस्तकातील सूर्यमालेची आकृती ग्रहांचा क्रम दाखवते, परंतु त्यांचे आकार व अंतरे एकाच प्रमाणात दाखवू शकत नाही. पृथ्वीचा व्यास १ सेंटीमीटर, म्हणजे मोठ्या काबुली हरभऱ्याएवढा मानला, तर सूर्याचा व्यास सुमारे १०९ सेंटीमीटर होतो आणि तो पृथ्वीपासून सुमारे ११७ मीटर अंतरावर ठेवावा लागतो. याच प्रमाणात चंद्र सुमारे पावणेतीन मिलिमीटर व्यासाचा असून पृथ्वीपासून ३० सेंटीमीटरवर येतो, तर नेपच्यून सूर्यापासून सुमारे साडेतीन किलोमीटर दूर जातो. ही मांडणी शाळेच्या मैदानावर करून पाहिली की पुस्तकातील आकृतीने काय गाळले आहे, ते विद्यार्थ्यांच्या ध्यानात येते.

चंद्राच्या कलांविषयी एक चुकीची समजूत अनेक विद्यार्थ्यांत आणि प्रौढांतही आढळते. पृथ्वीची सावली पडल्यामुळे चंद्र अर्धा किंवा कोरीप्रमाणे दिसतो, असे त्यांना वाटते. हेही एक प्रारूपच आहे आणि ते पडताळता येते. शुद्ध अष्टमीच्या सुमारास सूर्यास्ताच्या वेळी अर्धा चंद्र आकाशात उंचावर असतो आणि सूर्य पश्चिम क्षितिजावर असतो. पृथ्वीची सावली सूर्याच्या विरुद्ध दिशेला, म्हणजे त्या वेळी पूर्वेकडे पडलेली असते. उंचावरील चंद्रापर्यंत ती पोहोचणे शक्य नाही. एका संध्याकाळच्या या निरीक्षणाने सावलीचे प्रारूप बाद होते. अंधाऱ्या खोलीत एक दिवा लावून, हातातील चेंडू स्वतःभोवती फिरवत नेला, तर चेंडूचा उजळलेला अर्धा भाग कधी पूर्ण, कधी अंशतः दिसतो आणि कलांचा उलगडा होतो.

दिवा व चेंडू यांच्या प्रारूपालाही मर्यादा आहे. चेंडू डोक्याच्या पातळीत फिरवला, तर प्रत्येक ‘पौर्णिमे’ला डोक्याची सावली त्यावर पडते. प्रत्यक्षात दर पौर्णिमेला चंद्रग्रहण होत नाही. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या प्रतलाशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. वरील प्रमाणात चंद्र त्या प्रतलाच्या सुमारे अडीच सेंटीमीटर वर किंवा खाली जाऊ शकतो, तर त्या अंतरावर पृथ्वीच्या गडद छायेची रुंदी सुमारे पाऊण सेंटीमीटरच असते. त्यामुळे चंद्र बहुतेक वेळा छायेच्या वरून किंवा खालून निघून जातो. चेंडू थोडा कललेल्या मार्गाने फिरवला की प्रारूप सुधारते आणि ग्रहणांच्या विरळपणाचाही उलगडा होतो.

== शोधपद्धती ==

वैज्ञानिक पद्धतीचे निरीक्षण, प्रश्न, परिकल्पना, प्रयोग, निष्कर्ष असे ठरीव टप्पे पुस्तकांत दिलेले असतात. परिकल्पना म्हणजे तपासून पाहता येईल असा तर्क. हे टप्पे आरंभी उपयुक्त असले, तरी विज्ञानातील सर्व शोध याच क्रमाने लागलेले नाहीत. प्रश्नाच्या स्वरूपानुसार पद्धत बदलते.

=== नियंत्रित प्रयोग ===

यात एका वेळी एकच घटक बदलला जातो व बाकीचे सर्व स्थिर ठेवले जातात. इटालियन वैद्य फ्रान्सेस्को रेडी यांनी १६६८ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याचे अभिजात उदाहरण आहे. सडणाऱ्या मांसातून अळ्या आपोआप निर्माण होतात, असा त्या काळी समज होता. रेडी यांनी काही भांडी उघडी ठेवली, काही पूर्ण बंद केली आणि काहींवर जाळीदार कापड बांधले. उघड्या भांड्यांतील मांसावरच अळ्या झाल्या. जाळीमुळे हवा आत जात होती, पण माश्या जाऊ शकत नव्हत्या. त्यामुळे ‘बंद भांड्यात हवा नसल्याने अळ्या झाल्या नाहीत’ हा आक्षेपही निकालात निघाला.

शाळेत साध्या दोलकावर ही पद्धत शिकता येते. दोलनाला लागणारा वेळ गोळ्याच्या वजनावर अवलंबून असेल, असा बहुतेक विद्यार्थ्यांचा अंदाज असतो. दोऱ्याची लांबी कायम ठेवून गोळा बदलला, तर वेळ बदलत नाही. आधारबिंदूपासून गोळ्याच्या मध्यापर्यंतची लांबी १ मीटर असताना २० लहान दोलनांना सुमारे ४० सेकंद लागतात आणि ती २५ सेंटीमीटर केल्यास सुमारे २० सेकंद लागतात. लांबी पाव झाली की वेळ निम्मा होतो. गोळा सोडताना ‘शून्य’ म्हणण्याऐवजी ‘एक’ म्हटल्यास २० ऐवजी १९ दोलनेच मोजली जातात. अशा चुका ओळखता याव्यात, म्हणून मोजमाप किमान तीनदा करून सरासरी काढली जाते.

=== निरीक्षण व सर्वेक्षण ===

ग्रहताऱ्यांवर प्रयोग करता येत नाही. तेथे दीर्घकाळ केलेल्या निरीक्षणांतून भाकीत केले जाते व पुढील निरीक्षणाने ते तपासले जाते. साथीच्या रोगांच्या बाबतीत नोंदी व नकाशे उपयोगी पडतात. १८५४ मध्ये लंडनमधील सोहो भागात कॉलरा पसरला असता डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू कोणत्या घरांत झाले, याची नोंद घेतली. बहुसंख्य मृत्यू ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाभोवती झाल्याचे त्यांना आढळले आणि त्यांच्या सांगण्यावरून त्या पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. परिसरातील पक्ष्यांची गणना, पर्जन्यमापकाच्या नोंदी, काठीच्या सावलीची रोजची मापे हे शालेय स्तरावरील निरीक्षणाचे प्रकार आहेत.

== वर्गातील उजळणी ==

उजळणीसाठी ‘बंद पेटी’ ही कृती अनेक ठिकाणी वापरली जाते. पेटीत एखादी वस्तू ठेवून ती चिकटपट्टीने बंद केली जाते. विद्यार्थी ती हलवून, तिरपी करून, आवाज ऐकून किंवा जवळ चुंबक नेऊन आतील वस्तूविषयी तर्क करतात व त्याचे चित्र काढतात. प्रत्येक गटाला आपल्या चित्रामागील पुरावा सांगावा लागतो. काही शिक्षक शेवटीही पेटी उघडत नाहीत, कारण अणू उघडून त्याच्या आत डोकावण्याची सोय शास्त्रज्ञांनाही नव्हती.

पदार्थाच्या कणप्रारूपासाठी एक वाटी हरभरे व एक वाटी मोहरी एकत्र केली जाते. मिश्रण दोन वाट्यांपेक्षा कमी भरते, कारण मोहरी हरभऱ्यांमधील फटींत शिरते. ५० मिलिलीटर पाणी व ५० मिलिलीटर अल्कोहोल मिसळल्यावरही एकूण आकारमान १०० मिलिलीटरपेक्षा कमी भरते. हे समजण्यास वाटीतील धान्याची मदत होते. मात्र शांत पाण्यात टाकलेला शाईचा थेंब आपोआप पसरतो, तशी मोहरी आपोआप पसरत नाही. कणांची सततची हालचाल हे धान्याचे प्रारूप दाखवू शकत नाही.

कोणत्याही प्रारूपाची उजळणी पुढील प्रश्नांच्या आधारे करता येते:

* हे प्रारूप कशाचे आहे व त्यातील प्रत्येक भाग प्रत्यक्षात कशाच्या जागी आहे?
* कोणत्या निरीक्षणांचा त्याने उलगडा होतो?
* त्यात काय गाळले आहे किंवा काय अतिशयोक्त आहे?
* कोणते निरीक्षण मिळाले, तर ते बदलावे लागेल?

== भारतातील प्रयत्न ==

उच्च प्राथमिक वर्गांत प्रयोगाधारित विज्ञान रुजवण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न म्हणजे मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम होय. किशोर भारती व फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १९७२ मध्ये होशंगाबाद (सध्याचे नर्मदापुरम) जिल्ह्यातील १६ शाळांत तो सुरू केला. १९७८ मध्ये तो जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत (सहावी ते आठवी) नेण्यात आला आणि १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य या संस्थेने पुढे त्याची धुरा वाहिली. ‘बाल वैज्ञानिक’ ही त्याची पाठ्यपुस्तके होती. विद्यार्थी गटाने प्रयोग करून निष्कर्षांवर चर्चा करत, तर परीक्षेत पुस्तक उघडण्याची मुभा असे आणि प्रात्यक्षिकही घेतले जाई. २००२ मध्ये राज्य शासनाने हा कार्यक्रम बंद केला. या कार्यक्रमाशी १९७० च्या दशकात संबंध आलेले अरविंद गुप्ता यांनी पुढे पुण्यातील आयुका या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत टाकाऊ वस्तूंपासून वैज्ञानिक खेळणी बनवण्याचे काम केले. मुंबईत १९७४ मध्ये स्थापन झालेले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र विज्ञान शिक्षणाविषयी संशोधन करते. १९९३ पासून भरणाऱ्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत १० ते १७ वर्षे वयाचे विद्यार्थी आपल्या परिसरातील प्रश्नांवर प्रकल्प सादर करतात.

== मर्यादा व टीका ==

मोठी पटसंख्या, अपुरे साहित्य, तासिकांची कमतरता आणि लेखी परीक्षेचा प्रभाव यांमुळे प्रयोग अनेकदा फळ्यावर सांगून उरकले जातात. दुसरीकडे, विद्यार्थ्यांनी सर्व काही स्वतःच शोधावे या आग्रहावरही टीका झाली आहे. पॉल किर्शनर, जॉन स्वेलर व रिचर्ड क्लार्क यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात अत्यल्प मार्गदर्शनावर आधारलेले अध्यापन नवशिक्यांसाठी परिणामकारक नसते, असे प्रतिपादन केले. रुदरफोर्ड यांच्यासारख्यांना अनेक वर्षांच्या अभ्यासानंतर जे उमगले, ते एका तासिकेत विद्यार्थ्याला आपोआप सुचावे, ही अपेक्षा अवाजवी ठरते. म्हणून प्रश्न व दिशा शिक्षकाने द्यावी आणि निरीक्षण, नोंद व युक्तिवाद विद्यार्थ्याने करावा, असा मध्यममार्ग अनेक अभ्यासक्रमांत स्वीकारला जातो.

पुस्तकातील उत्तराशी जुळावे म्हणून प्रयोगवहीतील नोंद बदलणे हा या सर्व प्रयत्नांतील सर्वांत गंभीर अडथळा मानला जातो. १ मीटर लांबीच्या दोलकासाठी ३८ सेकंद मिळाले असताना विद्यार्थ्याने ४० लिहिले, तर त्याला गुण मिळतात, परंतु एक दोलन कमी मोजले गेल्याचे कधीच कळत नाही. मिळालेली नोंद तशीच ठेवून तफावतीचे कारण शोधणाऱ्या विद्यार्थ्यालाही गुण मिळाले, तरच प्रयोगवहीतील नोंद पुरावा म्हणून वापरण्याची सवय त्याला लागते.