नेटपाशी : एका अभ्यासाचा इतिहास

काव्यहेतूंचा पाठ शिकवताना वर्गात एक प्रश्न दरवर्षी उभा राहतो : कवी जन्मावा लागतो की घडवता येतो? विद्यार्थ्यांचा कौल बहुधा प्रतिभेच्या बाजूने पडतो. ‘अभ्यास’ हा त्यांना परीक्षेपुरता शब्द वाटतो. या प्रश्नाकडे एकदा साहित्याच्या बाहेरून पाहावे, म्हणून आम्ही येथे टेनिसच्या दुहेरीतील नेटजवळच्या खेळाची गोष्ट मांडत आहोत.

चेंडूचा टप्पा पडण्याआधीच तो परतवणे म्हणजे व्हॉली. १८७७ साली विम्बल्डनच्या पहिल्याच स्पर्धेत स्पेन्सर गोर याने नेटजवळ येऊन व्हॉलीच्या बळावर विजेतेपद मिळवले. पुढच्याच वर्षी फ्रँक हॅडो याने त्याच्या डोक्यावरून उंच चेंडू टाकून त्याला हरवले. एकेरीत नेटपाशी जाणे हे साहसच, कारण २७ फुटांची रुंदी एकट्याने राखावी लागते. दुहेरीचे मैदान ३६ फुटांचे. पण दोघे शेजारी उभे राहिले की प्रत्येकाच्या वाट्याला १८ फूटच येतात. दुहेरी नेटपाशी जिंकली जाते, या समजुतीमागे हा साधा हिशेब आहे.

मात्र नेटपाशी विचाराला सवड नसते. तेथे जे करावयाचे ते आधीच अंगात मुरलेले असावे लागते. हे मुरवण्याचे काम ज्याने पद्धतशीरपणे केले, तो ऑस्ट्रेलियाचा हॅरी हॉपमन. त्याच्या नेतृत्वाखाली ऑस्ट्रेलियाने डेव्हिस करंडक १९३९ साली एकदा आणि १९५० ते १९६७ या काळात पंधरा वेळा जिंकला.

त्याच्या सरावाची ओळख बनलेला प्रकार म्हणजे एकाविरुद्ध दोघे. एक खेळाडू नेटपाशी, समोर बेसलाइनवर दोघे. त्या दोघांनी चेंडू कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी अंगावर, कधी डोक्यावरून मारीत राहायचे. एक चुकला की लगेच दुसरा. धाप लागली तरी थांबायचे नाही. अशा घाईत मोठा झोका घ्यायला वेळच उरत नाही. हाताची हालचाल आपोआप आखूड होते, रॅकेट शरीरापुढे राहते, प्रत्येक फटक्यानंतर पाय मधल्या जागी परततात. शिक्षकाने शंभरदा सांगून जे उमजत नाही, ते येथे चेंडू शिकवतो.

दुहेरीला याहून अधिक काही लागते. चौघांनी नेटजवळ समोरासमोर उभे राहून टप्पा पडू न देता चेंडू खेळवणे, हा एक सराव. जोडीदाराच्या सर्व्हिसवर आलेला परतीचा चेंडू मध्येच तिरपे धावून अडवणे आणि त्यामुळे मोकळी पडलेली बाजू जोडीदाराने न सांगता भरून काढणे, हा दुसरा. येथे फटक्याइतकाच विश्वासाचाही सराव होतो. हॉपमनच्या संघातील फ्रँक सेजमन आणि केन मॅकग्रेगर यांनी १९५१ साली दुहेरीच्या चारही प्रमुख स्पर्धा एकाच वर्षात जिंकल्या. पुरुष दुहेरीत अन्य कोणत्याही जोडीला हे साधलेले नाही.

मग अभ्यासच सर्वस्व मानावा काय? इतिहास तसे म्हणू देत नाही. १९६६ साली मेलबर्नला डेव्हिस करंडकाच्या अंतिम लढतीत भारत ४-१ असा हरला. पण भारताचा तो एकमेव विजय दुहेरीतला होता. रामनाथन कृष्णन आणि जयदीप मुखर्जी यांनी जॉन न्यूकम आणि टोनी रोश यांना नमवले. समोरची जोडी हॉपमनच्याच संघातली, आणि कृष्णनची ख्याती ताकदीची नव्हे, हळुवार हाताची. पुढे अमेरिकेत हॉपमनच्या हाताखाली जॉन मॅकेन्रो शिकला. त्याच्या मनगटातली जादू कोणत्याही सरावाने दिलेली नव्हती. पण दुहेरीचे सामने हाच आपला सराव, असे मानून तो खेळत राहिला.

मम्मटाने शक्ती, निपुणता आणि अभ्यास अशी तीन नावे घेतली, पण ‘हेतू’ हा शब्द मात्र एकवचनी योजला. तिघे मिळून कारण एकच, असा त्याचा आशय. वर्गात हे एकवचन आम्ही व्याकरणाचा बारकावा म्हणून सांगून पुढे जात होतो. नेटपाशी उभ्या राहिलेल्या त्या दोघांकडे पाहिल्यावर वाटते, त्या एकवचनापाशी जरा अधिक थांबायला हवे होते. कवितेची वही लपवून ठेवणाऱ्या विद्यार्थ्याला ‘तुझ्यात प्रतिभा आहे’ किंवा ‘नाही’ असा निकाल देणे सोपे असते. त्याच्यासमोर बसून चेंडूमागून चेंडू टाकीत राहणे, हे शिक्षकाचे खरे काम.